पाच टक्के

मार्च संपत आला की फरीदाबादच्या एका कारखान्यात मी मोजणीला जाते. हातात मालमत्तेची नोंदवही, मागे खडू घेतलेला आमचा आर्टिकल, म्हणजे हाताखाली सीएचं शिकणारा पोरगा. यंत्रावर रंगवलेला क्रमांक वहीतल्या क्रमांकाशी जुळवायचा, टिक करायची, पुढे सरकायचं. शेडच्या टोकाला एक जुना लेथ आहे. त्याची १५ वर्षं कधीच भरली. वहीत त्याची किंमत उरलीय खरेदीच्या पाच टक्के. तो चालवणाऱ्या मिस्त्रींना मी एकदा हे सांगितलं. मशीनवरून चिंधी फिरवत ते म्हणाले, "मॅडम, काग़ज़ पे मरी होगी."

घसारा म्हटलं की घासणं, झिजणं आठवतं. म्हणून लोकांना वाटतं आम्ही झीज मोजतो. आम्ही फक्त खर्च वाटतो. दहा लाखांचं यंत्र १५ वर्षं कमावून देणार असेल, तर त्याचा सगळा भार पहिल्याच वर्षाच्या नफ्यावर का टाकायचा? २०१३च्या कंपनी कायद्याची दुसरी अनुसूची साधारण यंत्राला १५ वर्षं देते, संगणकाला ३, आणि शेवटी उरणारी किंमत एरवी पाच टक्क्यांपेक्षा जास्त धरू देत नाही. आयकराचा हिशेब निराळा: दरवर्षी शिल्लक किमतीवर १५ टक्के. दहा लाखांचे साडेआठ, साडेआठाचे सव्वासातच्या आसपास. आकडा लहान लहान होत जातो, शून्याला मात्र पोचत नाही. आणि दिल्लीत कधीकधी आयुष्य अनुसूचीही ठरवत नाही. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या रस्त्यावर नकोत, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५मध्ये दिला, तेव्हा ठणठणीत गाड्यांची उरलेली वर्षं आम्ही वहीत बसून छाटली होती.

त्या पाच टक्क्यांकडे मी बरीच वर्षं अभ्यासक्रमात शिकवलेली एक सोय म्हणून पाहिलं. मायापुरीमुळे ते बदललं.

मायापुरी म्हणजे पश्चिम दिल्लीतला भंगारबाजार. फेब्रुवारी २०१०मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं एक जुनं यंत्र लिलावात निघून तिथे पोचलं. कॅनडाहून आणलेलं, गॅमा किरणांच्या प्रयोगांसाठीचं. १९८५पासून वापरात नव्हतं. कामगारांनी ते उघडलं, शिशाचं कवच सोललं. आत कोबाल्ट-६० होतं. आठजणांना किरणोत्साराची बाधा झाली, त्यातला एक दगावला.

त्या बातम्या वाचताना माझ्यातल्या हिशेबनिसाने, जरा निर्लज्जपणेच, कॅल्क्युलेटर काढला. कोबाल्ट-६०चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं. म्हणजे दरसाल शिल्लक साठ्यातला सव्वाबारा टक्के भाग जातो. ही तर आमचीच घटत्या शिल्लकीची पद्धत! निसर्ग ती बिनचूक वापरतो. पहिल्या वर्षी १८० दिवसांहून कमी वापराला निम्मा दर, असली आयकरातली सवलतही देत नाही. यंत्र बंद पडल्यापासूनच्या २५ वर्षांचं गणित केलं, तर उरतात जेमतेम पावणेचार टक्के. आमच्या वहीतल्या पाचापेक्षाही कमी. तेवढ्याने माणूस मेला.

हे यंत्र माझ्या वहीत असतं, तर मी काय केलं असतं? कपाटामागे सापडलं असतं, वापरात नाही असा शेरा मारला असता, त्याच्यापुढे एक रुपया लिहिला असता आणि भंगारात काढायला हरकत नाही म्हणून सही केली असती. ताळेबंद अचूक असता. विकून आलेली रक्कम नफ्यातोट्याच्या खात्यात गेली असती आणि कुठल्याही ऑडिटरने बोट ठेवलं नसतं.

तेव्हापासून मी मोजणीच्या तक्त्यात एक रकाना जास्तीचा आखते: 'आत काय आहे'. कायद्यात तो नाही. आर्टिकल मुलांना तो पहिल्या वर्षी चेष्टेचा वाटतो. बहुतेक ओळींपुढे 'काही नाही' असंच भरलं जातं, आणि संध्याकाळी पाच वाजता मलाही त्याचा कंटाळा येतो.

यंदा फरीदाबादला शेडमागे गवतात एक ट्रान्सफॉर्मर दिसला. बऱ्याच वर्षांपूर्वी काढून ठेवलेला, वहीत पाच टक्के. कबाडीवाला दुसऱ्या दिवशी यायचा होता, भावही ठरला होता. पोराने रकान्यापुढे पेन थांबवला. मी मालकांना विचारलं, "यात तेल आहे अजून?"

ते मॅनेजरकडे बघायला लागले, मॅनेजर इलेक्ट्रिशियनला फोन लावायला लागला.