मानपाडा ते परळ : शुश्रूषेची वाट

ठाणे जिल्ह्यात मानपाडा नावाच्या दोन वस्त्या आहेत. एक ठाणे शहरात, घोडबंदर रस्त्यावर, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी. दुसरी डोंबिवलीत, स्थानकाकडून निघालेला मानपाडा रस्ता जिथे कल्याण-शीळ मार्गाला मिळतो तिथे, मानपाडेश्वराच्या देवळाच्या परिसरात. पत्ता सांगितला की 'ठाण्याचा की डोंबिवलीचा?' हा प्रश्न ठरलेलाच. नावातला 'पाडा' आता शोधावा लागतो. दोन्हीकडे शेते आणि झाडी मागे हटून उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत.

या इमारतींत राहणाऱ्या अनेक ज्येष्ठांचे बालपण परळ, लालबाग, शिवडीच्या चाळींत गेले. गिरण्या थंडावल्या, कुटुंबे वाढली, आणि जागेच्या शोधात ही मंडळी ठाणे-डोंबिवलीकडे सरकली. घरात कोणाला कर्करोगाचे निदान झाले की हीच कुटुंबे पुन्हा परळची वाट धरतात. डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गावरचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले, आणि आजही 'परळला नेले आहे' एवढे म्हटले की ऐकणाऱ्याला सारे उमगते.

वाचकहो, या वाटेविषयी आपल्याशी बोलायचे आहे ते शुश्रूषा करणाऱ्याच्या बाजूने. गाठीवरचे उपचार परळला होतात. पण उलटी, ताप, वेदना आणि निद्रानाश यांचा मुक्काम मानपाड्याच्या घरी असतो. म्हणून आधाराची व्यवस्था वाटेच्या दोन्ही टोकांना हवी, आणि ती गरज पडण्यापूर्वी लावून ठेवायला हवी.

प्रथम प्रवास. घरापासून स्थानकापर्यंत रिक्षा किंवा बस, पुढे जलद लोकलने दादर, तिथून धीम्या गाडीने परळ. निरोगी माणसाचीही यात दमछाक होते. लोकलमधील दिव्यांगांसाठी राखीव डब्यात कर्करुग्णालाही प्रवास करता येतो. रुग्णालयाचे कागद मात्र जवळ असावेत. गर्दीची वेळ टाळण्यासाठी तपासणीची वेळ बदलून मिळते का, हे विचारण्यात संकोच नको. उपचारासाठी गावाहून येणारे नातेवाईक बहुधा आपल्याच घरी उतरतात. त्यांना लांब पल्ल्याच्या रेल्वेत मोठी सवलत आहे : शयनयान आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीत रुग्णाला पूर्ण, तर सोबत्याला ७५ टक्के. त्यासाठी विहित नमुन्यातील प्रमाणपत्र रुग्णालयातून घ्यावे लागते.

किरणोपचार अनेकदा पाच-सहा आठवडे चालतात. एवढे दिवस रोज मानपाड्याहून ये-जा करणे पाहुण्या रुग्णाला झेपेलच असे नाही. अशा वेळी परळची नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा यांच्याकडे निवासाची चौकशी करावी. लहान मुलाचे उपचार असतील तर २००६ पासून मुंबईत काम करणारी सेंट ज्यूड ही संस्था आई-वडिलांसह निवास देते. बाहेरगावच्या रुग्णांना प्राधान्य असते आणि जागा लवकर भरतात. म्हणून उपचाराची तारीख कळताच चौकशी करावी.

आता रुग्णालयातील खिडकी. नवख्या माणसाला नोंदणी, तपासणी आणि पैसे भरण्याच्या रांगा दिसतात. समाजसेवा विभागाचा फलक मात्र नजरेतून सुटतो. पहिल्याच फेरीत त्या विभागात जावे, असे मी माझ्या रुग्णांच्या नातेवाइकांना आवर्जून सांगतो. 'आम्हाला कोणकोणती मदत मिळू शकते?' हा एक प्रश्न तिथे विचारावा. कोणत्या विश्वस्त निधीकडे अर्ज करायचा, खर्चाचे अंदाजपत्रक कोणाच्या सहीने घ्यायचे, हे तिथले वैद्यकीय समाजसेवक सांगतात. १९५१ मध्ये स्थापन झालेली इंडियन कॅन्सर सोसायटी, १९६९ पासून कार्यरत असलेली कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन, आणि वंदना गुप्ता यांनी १९९४ मध्ये सुरू केलेली व्ही केअर या संस्थांचे मार्गही इथून खुले होतात. वंदना गुप्ता स्वतः या आजारातून बाहेर पडलेल्या आहेत. त्या वाटेने गेलेल्या माणसाशी बोलून रुग्णाला जो धीर येतो, तो आम्हा डॉक्टरांच्या समजावण्याने येतोच असे नाही. बहुतेक निधी रुग्णालयाच्या नावाने धनादेश देतात. त्यामुळे 'मदत मिळवून देतो' म्हणून रोख रक्कम मागणारा भेटला, तर त्याला नम्रपणे नकार द्यावा.

सरकारी योजनांचे सूत्र एकच : आधी मंजुरी, मग उपचार. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. शिधापत्रिका आणि आधार घेऊन योजनेतील रुग्णालयाच्या 'आरोग्यमित्रा'ला भेटावे. दूरध्वनी क्रमांक १५५३८८. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येते. आजार नसतानाच ते काढून ठेवणे शहाणपणाचे. धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या असतात. तिथल्या समाजसेवकाकडे उत्पन्नाच्या दाखल्यासह अर्ज करावा. मुख्यमंत्री सहायता निधी आणि पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी हेही मार्ग आहेत. नोंदणीपत्र, निदानाचा अहवाल, अंदाजपत्रक, शिधापत्रिका, आधार आणि उत्पन्नाचा दाखला यांच्या पाच-पाच प्रती एका धारिकेत ठेवाव्यात. हे काम रुग्णाजवळ बसणाऱ्याकडे देऊ नये. परगावच्या मुलाने किंवा पुतण्याने ते अंगावर घेतले, तर घरातल्या माणसाचा मोठा भार हलका होतो.

आता मानपाड्यातील घराकडे वळू. केमोथेरपी घेतलेल्या रुग्णाला १०० अंश फॅरनहाइटच्या वर, १००.४ किंवा अधिक ताप आला, तर ती तातडीची वेळ समजावी. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना साधा वाटणारा ताप काही तासांत घातक ठरू शकतो. घरच्या घरी गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. रात्री दोन वाजता मानपाड्याहून परळ दूर असते. त्यामुळे जवळच्या कोणत्या रुग्णालयात चोवीस तास तातडीची सेवा आहे, हे उपचाराच्या पहिल्याच आठवड्यात पाहून ठेवावे. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना केमोथेरपीचे वेळापत्रक आणि औषधांची यादी द्यावी. अहवालांची एक प्रत दाराजवळ तयार असावी. इमारतीतील दोन शेजारी आणि सुरक्षारक्षक यांना कल्पना देऊन ठेवावी. रात्री उद्वाहन आणि फाटक यांसाठी त्यांचीच मदत लागते. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

खाट, चाकांची खुर्ची, वॉकर, प्राणवायूचे यंत्र या वस्तू लगेच विकत घेऊ नयेत. ठाणे-डोंबिवलीत अनेक सामाजिक संस्था रुग्णोपयोगी साहित्य अनामत घेऊन किंवा नाममात्र भाड्याने देतात. आपल्या ज्येष्ठ नागरिक संघात विचारले की पत्ता मिळतो.

वेदनेविषयी दोन शब्द स्पष्टपणे लिहितो. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे केवळ शेवटच्या दिवसांची सोय, हा समज रुग्णाचे फार नुकसान करतो. वेदना, धाप, मळमळ, चिंता यांवर उपाय करणारी ही शाखा मूळ उपचारांच्या सोबतीनेही चालते. मॉर्फिनच्या नावाने घरातली माणसे घाबरतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कर्करोगाच्या वेदनेसाठी, ठरलेल्या मात्रेत ते दिले तर व्यसनाच्या भीतीने रुग्णाला तळमळत ठेवण्याचे कारण नाही. मात्र बद्धकोष्ठ हमखास होते. त्यावरचे औषध सोबतच मागून घ्यावे. २०१४ मध्ये कायद्यात झालेल्या दुरुस्तीने अशी औषधे रुग्णालयांना मिळवणे सुलभ केले आहे. टाटा रुग्णालयाच्या या विभागाचे पथक घरीही भेट देते. आपला परिसर त्यांच्या फेरीत येतो का, हे विचारावे. घरी शुश्रूषा अशक्य झाली तर वांद्र्याचे शांती आवेदना सदन आहे. डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेले हे देशातील पहिले हॉस्पिस. तिथे शुल्क घेतले जात नाही. तिथे नेले म्हणजे आपण माणसाला टाकले, असे कोणी मनात आणू नये.

शेवटी, शुश्रूषा करणाऱ्याविषयी. माझ्या दवाखान्यात रुग्णाचे अहवाल घेऊन येणारी व्यक्ती पुष्कळदा सत्तरीची पत्नी किंवा पती असते. त्यांचा स्वतःचा रक्तदाब तीन महिन्यांत कोणी मोजलेला नसतो, मधुमेहाच्या गोळ्या चुकलेल्या असतात. मराठीत मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात अशा व्यक्तीसाठी 'शुभंकर' हा सुंदर शब्द रूढ झाला आहे. ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था आहे. मन जड झाले, झोप उडाली, चिडचिड वाढली, तर तिथे जाण्यात कमीपणा नाही. घर सोडता येत नसेल तर 'टेलि-मानस'चा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक दिवसरात्र उपलब्ध असतो. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइनही आहे.

'काही लागले तर सांगा,' असे म्हणणारे अनेक भेटतात. त्यांना नेमके काम सांगावे : मंगळवारी दुपारी दोन तास रुग्णाजवळ बसा, गुरुवारी परळला सोबत या, शनिवारी औषधे आणा. सांगायला जड जाते हे मी जाणतो. पण काम हाती आले की शेजारी आणि नातेवाईक बहुधा ते मनापासून करतात. त्या मोकळ्या झालेल्या पहिल्या दोन तासांत शुभंकराने स्वतःचा रक्तदाब तपासून घ्यावा, आणि उरलेल्या वेळात झोपावे.