मोटर बंद होईना

८ जुलै
दादाच्या रक्ताच्या कर्करोगाचा पीसीआर रिपोर्ट आला. एप्रिलात ०.०८ टक्के होता, आता १.९. तो ०.१ च्या आत हवा, हे वहिनींनासुद्धा पाठ झालंय. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "गोळ्या चुकतात का?" वहिनींनी रिकाम्या पाकिटांचा गठ्ठाच टेबलावर ठेवला. इमॅटिनिब ४०० मिलिग्रॅम, रोज जेवणावर, तांब्याभर पाण्याबरोबर. एकही चुकलेली नाही. मग म्यूटेशनची तपासणी सांगितली. रक्त मुंबईला गेलं.

१३ जुलै
राजाराम बंधारा पाण्याखाली. दादा काठावरची मोटर वर ओढायला निघाला, मीही मागोमाग. दोर खेचता खेचता म्हणाला, "मास्तर, डॉक्टर म्हणतात ते प्रोटीन नेमकं काय करतंय?"

मी स्टार्टरची पेटी दाखवली. उन्हाळ्यात तिचा कॉन्टॅक्टर चिकटला होता. लाल बटण दाबूनही मोटर चालूच, सगळा ऊस पाण्यात. दादाच्या पेशींत नवव्या गुणसूत्राचा तुकडा बाविसाव्याला जोडला गेलाय. दोन जनुकं एक होऊन बीसीआर-एबीएल हे प्रोटीन तयार झालं. साधं एबीएल गरजेपुरतं चालतं आणि थांबतं, हे थांबतच नाही. एटीपीकडचा फॉस्फेट काढून दुसऱ्या प्रोटीनांना लावत सुटतं, आणि पांढऱ्या पेशींना वाढायचा हुकूम मिळत राहतो. इमॅटिनिब त्या एटीपीच्याच खाचेत जाऊन बसते.

"मग आता का बसंना?"

१४ जुलै
त्याचं उत्तर आज चहावर दिलं. पेशी दुप्पट होताना जनुकाची नक्कल होते आणि नकलेत कधीतरी चूक होते. प्रोटीनमधलं एखादं अमिनो आम्ल बदलतं, खाचेचा आकार बिघडतो. गोळीनं हा बदल घडवलेला नसतो. बाकीच्या पेशी गोळीनं आटोक्यात येतात आणि अशा पेशीला रान मोकळं मिळतं. सगळ्यात खोडसाळ बदल ३१५ व्या जागेवरचा. तिथं थ्रिओनिन जाऊन आयसोल्युसिन आलं, की इमॅटिनिबच काय, तिच्या मागून आलेल्या डॅसाटिनिब, निलोटिनिबही हात टेकतात. दादा काही बोलला नाही. वहिनी म्हणाल्या, "भावजी, ती ३१५ नसू दे."

१८ जुलै
शिये रस्त्यावर पाणी, शाळेला सुट्टी. जुनी कात्रणं काढली. दादाच्या पेशींतलं हे विचित्र गुणसूत्र १९६० साली फिलाडेल्फियात दिसलं. ते दोन गुणसूत्रांच्या अदलाबदलीतून आलंय, हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवलं. गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली २००१ मध्ये. पण ती बावड्यातल्या घरात पोचली त्याला आणखी एक तारीख कारण आहे, १ एप्रिल २०१३. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयानं नोव्हार्टिसचं ग्लिव्हेकच्या, म्हणजे इमॅटिनिबच्याच, पेटंटचं अपील फेटाळलं. विरोधात उभ्या राहिलेल्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. तेव्हा कंपनीची गोळी महिन्याला लाखाच्या वर होती, इथली जेनेरिक आठ-दहा हजारांत. कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाला यातलं कुठलं परवडणार, हे सांगायला नको. दादाच्या आयुष्यात संशोधकांइतकाच वाटा मी त्या निकालाला देतो. पाठ्यपुस्तकात तो येत नाही, म्हणून बारावीच्या वर्गात मी मुद्दाम सांगतो.

२६ जुलै
रिपोर्ट आला. वाय-२५३-एच. म्हणजे २५३ व्या जागी टायरोसिनऐवजी हिस्टिडिन. ३१५ नाही! वहिनींनी देवापुढं साखर ठेवली. इमॅटिनिबला प्रोटीन एका विशिष्ट घडीत, बंद अवस्थेत लागतं. या बदलानं ती घडी नीट बसत नाही. डॅसाटिनिब प्रोटीनच्या चालू अवस्थेलाही धरते, म्हणून तिचा उपयोग होतो. निलोटिनिबचा या बदलावर फारसा नाही.

३ ऑगस्ट
नवी गोळी सुरू, १०० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. धाप लागली तर लगेच यायचं, फुप्फुसाभोवती पाणी साठू शकतं. मग डॉक्टरांनी सध्याच्या सगळ्या औषधांची यादी मागितली आणि ओमेप्राझोलवर काट मारली. डॅसाटिनिब विरघळायला पोटात आम्ल लागतं, आणि दादा ते गेली कित्येक वर्षं रोज सकाळी मारत होता.

"मग तांबडा रस्सा?" दादानं विचारलं.

"बेतानं," डॉक्टर म्हणाले.

"बेतानं म्हणजे किती वाट्या?" हे वहिनींनी विचारलं, वही उघडून.