कोयत्याची मूठ

लेखणी कशी असावी, जोडा कोणत्या चांभाराकडून घ्यावा, चष्म्याची काडी कानामागें कशी बसावी, याविषयीं आम्हां पांढरपेशांना आपापलीं मतें असतात. इतकेंच नव्हे, तर तीं दुसऱ्यास ऐकविण्याचा उत्साहही असतो. परंतु कोयत्यासारखी वस्तु निवडण्याची वेळ आली, म्हणजे आमची सारी विद्वत्ता एकाएकीं लुळी पडते. आमच्यावर ही वेळ गेल्या वर्षीं वैशाखांत आली. ती आम्हीं ज्या रीतीनें निभावली ती सांगण्यांत भूषण नाहीं. तथापि वाचकांचा थोडाबहुत फायदा आहे, म्हणून सांगतों.

रत्नागिरीकडे आमची वडिलार्जित वाडी आहे. चाळीसएक माड, थोडे आंबे-फणस आणि बांधावर माजलेलीं झुडपें, एवढाच तिचा विस्तार. वडील होते तोंवर पावसाळ्यापूर्वीची तोडणी ते पुष्कळशी स्वतःच करीत. त्यांच्या पश्चात् तीन वर्षें वाडीस कोणाचा हात लागला नव्हता. मागील दाराच्या खुंटीवर त्यांची आकडी, म्हणजे कमरेला पाठीमागें बांधून कोयता अडकवावयाचें साधन, आणि तींत त्यांचा कोयता, दोन्ही जशींच्या तशीं होतीं. परंतु वर्षानुवर्षें दगडावर घासून कोयत्याचें पातें निम्म्यावर आलें होतें, मूठ तडकली होती आणि अंगावर गंज चढला होता. असलें हत्यार घेऊन वाडींत उतरणें आम्हांस प्रशस्त वाटेना. आम्हीं टपालानें रानांत वापरावयाचा एक मोठा सुरा मागविला.

त्याचें रूप काय वर्णावें! पातें आरशासारखें, पाठीला करवतीचे दांते, मूठ काळ्या रबराची आणि वर म्यान. गंज कधीं चढणार नाहीं, अशी जाहिरातदाराची ग्वाही. दोन दिवस तर तो नुसता पाहण्यांतच आनंदांत गेले. तिसऱ्या दिवशीं आम्ही फणसाची एक वाळलेली फांदी तोडावयास घेतली. बारा वर्षांचा आमचा पुतण्या तोडलेल्या डहाळ्या ओढून ढीग करीत होता. चौथ्या घावाला मूठ आमच्या हातांत राहिली आणि पातें गेलें. कोठें गेलें हें क्षणभर उमगेना. मग पुतण्याच्या मागें, त्याच्या खांद्यापासून हातभर अंतरावर, माडाच्या बुंध्यांत तें रुतलेलें दिसलें. मुलाला मोठी गंमत वाटून तो हंसत होता. आमच्या तोंडाला कोरड पडली होती.

आम्हीं घरीं कांहीं सांगितलें नाहीं. संध्याकाळीं त्यानेंच आईला सांगितलें, आणि त्यानंतर दोन दिवस वहिनी आमच्याशीं बोलल्या नाहींत. त्यांचें तें न बोलणें आम्हांस सर्वथा रास्त वाटलें. कारण दोष केवळ सुऱ्याचा नव्हता. घाव ज्या रेषेंत फिरतो त्या रेषेंत मुलाला उभें राहूं दिलें, हा दोष आमचाच होता. रबर सोलून पाहतों, तों मुठींत शिरलेली पात्याची शेपटी बोटाच्या दोन पेरांएवढी, आणि तीही नुसती चिकटविलेली! जें डोळ्यांना दिसतें त्यावर कारखानदारानें मेहनत घेतली होती. ज्यावर जीव अवलंबून, तें झांकून टाकलें होतें.

दुसऱ्या दिवशीं वडिलांचा कोयता पंचांत गुंडाळून आम्ही गांवच्या लोहाराकडे गेलों. त्याच्या पडवींत पांच-सहा नवे कोयते ओळीनें मांडले होते. "यांतला उत्तम कोणता?" असा प्रश्न आम्हीं केला. त्यानें ऐरणीवरून मान वर केली आणि उलट विचारलें, "भाऊ, कोणाच्या हाताला हवाय? आणि तोडायचं काय?"

या दोन प्रश्नांत कोयत्याचें सारें शास्त्र आहे, हें आम्हांस हळूहळू समजलें. ओलें गवत आणि कोंवळें झुडुप कापावयाचें तर पातें पातळ व लांब हवें. लॅटिन अमेरिकेंतील मॅशेटी अशीच असते. तिचें काम वजनापेक्षां वेगानें होतें. वाळलें लांकूड तोडावयाचें तर पाठ जाड व भार पुढच्या अंगाला हवा, म्हणजे घाव पाचरीसारखा आंत शिरतो. नेपाळच्या खुकरीचें पातें मध्यें वांकून पुढें रुंद होतें, तें याचसाठीं. आमच्या कोंकणी कोयत्याचें टोंक आंत वळलेलें असतें, त्यामुळें फांदी घावाखालून निसटत नाहीं आणि कांटेरी जाळी हात न घालतां ओढतां येते.

लोहार आपले कोयते मोटारीच्या जुन्या कमानपाट्याचे करीत असे. या पोलादांत कर्ब शेकडा अर्ध्या भागाहून किंचित् अधिक असतो. त्यामुळें तें तापवून पाण्यांत बुडविलें असतां कठीण होतें. परंतु नुसतें कठीण पातें कांचेसारखें फुटतें. म्हणून त्याला पुन्हां मंद आंच दाखवावी लागते. घासलेल्या अंगावर सुमारें २३० अंशांना पिवळट रंग चढतो आणि ३०० अंशांच्या सुमारास निळा. धार पिवळटावर थांबवावी आणि पाठ निळी होऊं द्यावी, म्हणजे धार टिकते आणि पाठ घाव सोसते. आमच्या सुऱ्याच्या न गंजणाऱ्या पोलादांत तो गुण क्रोमियममुळें आला होता. पण न गंजणें निराळें आणि घाव सोसणें निराळें. गंज तेलाच्या बोटानें आवरतो. घावाच्या वेळीं तेल उपयोगी पडत नाहीं.

मुठीपाशीं तो सर्वांत अधिक वेळ थांबला. शेपटी मुठीच्या आरपार जाऊन टोंकाशीं वळवून ठोकलेली असावी. तोंडाशीं लोखंडी कडें असावें. आणि मुठीचा शेवट थोडा फुगीर असावा, म्हणजे घामेजलेला हात सरकत नाहीं. मूठ फार जाड असेल तर पंजा थकतो, फार बारीक असेल तर ती हातांत फिरते. सारांश, पातें झाडाकडे पाहून निवडावें आणि मूठ माणसाकडे पाहून.

त्याचें बोलणें ऐकतांना ऊसतोड्यांची भाषा आम्हांस आठवली. बीडसारख्या जिल्ह्यांतून दर सालीं जीं कुटुंबें ऊसतोडीला निघतात, त्यांच्यांत 'एक कोयता' म्हणजे नवराबायकोची एक जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्यागणिक. एकट्या माणसाला 'अर्धा कोयता' म्हणतात. हत्याराचें नांव माणसांना पडावें, इतकें ज्यांचें आयुष्य त्याच्याशीं जडलें आहे, त्यांना कोयता कसा निवडावा हें कोणी शिकवावें लागत नसेल. उलट शहरांत २०२३ च्या सुमारास हा शब्द पुण्याच्या वर्तमानपत्रांत वरचेवर येई तो गुंडांच्या टोळ्यांच्या बातम्यांतून. १९५९ च्या शस्त्रांच्या कायद्यानें केवळ घरकामासाठीं वा शेतकामासाठीं घडविलेल्या वस्तु शस्त्रांतून वगळल्या आहेत. पण कायद्यानें वगळलें तरी मनुष्य आपल्या हातानें कशाचेंही शस्त्र करूं शकतो. "कोणाच्या हाताला?" हा लोहाराचा प्रश्न तेथेंही लागू पडतो.

शेवटीं आम्हीं पंचा सोडला. लोहारानें वडिलांचा कोयता नखानें वाजवून पाहिला, धारेवरून अंगठा आडवा फिरविला आणि म्हणाला, "पातं अजून जिवंत आहे. नवा कशाला घेतां? मूठ तेवढी तुमच्या हाताची बसवतो. वडिलांचा पंजा मोठा होता."

तो मोठा होता, हें आम्हांस ठाऊक होतें. परंतु त्यांच्या मुठीला आमचा हात पुरणार नाहीं, हें त्या क्षणापर्यंत लक्षांत आलें नव्हतें. त्यानें आमचा पंजा सुतळीनें मोजला आणि दोन दिवसांनीं खैराची नवी मूठ बसवून दिली.

कोयता घरीं आणला तेव्हां वहिनी ओटीवर तांदूळ निवडीत होत्या. त्यांनीं सूप बाजूला ठेवलें, कोयता हातांत घेतला, मूठ दोनदां पिळून पाहिली, पातें ओढून पाहिलें, मग पाठ उंबऱ्यावर जोरानें आपटली आणि पुन्हां पिळून पाहिली. एवढें झाल्यावर त्यांनीं मुलाला हांक मारून सांगितलें, "जा काकांबरोबर. पण त्यांच्या मागं दहा पावलं."

पावसापूर्वीं वाडी साफ झाली. मुलगा दहा पावलें मागें होता. तीं आम्ही दर वेळीं मोजून घेत होतों.