दुसऱ्याने भरत व्हावं!

परक्याशी झालेलं भांडण माणूस वर्षभरात विसरतो. सख्ख्या भावाशी झालेलं मात्र घरातल्या जुन्या भांड्यांसारखं पुढच्या पिढीला देऊन जातो.

आमच्याही घरी हेच झालं. आजोबा गेले आणि गावच्या घराच्या वाटणीवरून बाबा व काका यांचं बोलणं बंद झालं. दोघेही रोज रामायण वाचणारे. काका म्हणायचे, ‘‘रामाने वडिलांच्या शब्दाखातर राज्य सोडलं, याला दोन खोल्या सोडवत नाहीत!’’ बाबा म्हणायचे, ‘‘भरताने हाती आलेलं राज्य घेतलं नाही, यांना ओसरीसुद्धा हवी!’’ दोघांनाही राम-भरत मनापासून प्रिय होते. फक्त भरत दुसऱ्याने व्हायचं होतं.

ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही तंजावरला आलो आणि इथल्या मराठी राजघराण्याच्या कथा ऐकल्या, तेव्हा मला आमचंच घर आठवलं. तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्याने वीस-बावीस किलोमीटर गेलं की ओरत्तनाडु लागतं. तिथे सरफोजी राजे दुसरे यांनी १८०२ साली मुक्तांबाळ छत्र उभारलं. छत्र म्हणजे आपली धर्मशाळा आणि अन्नछत्र. राजघराण्याच्या अशा छत्रांमध्ये रामेश्वरच्या यात्रेकरूंना जेवण मिळे, आजाऱ्याला औषध मिळे, वाटेत अडलेल्या बाळंतिणीची देखभाल होई.

या सरफोजींचं बालपण भाऊबंदकीतच गेलं. तुळजाराजांनी त्यांना दत्तक घेतलं आणि १७८७ मध्ये ते वारले. गादीवर मात्र त्यांचे सावत्र भाऊ अमरसिंह बसले. दत्तक शास्त्राला धरून आहे का, असा प्रश्न इंग्रजांनी पंडितांना विचारला. आधी शास्त्राचं उत्तर ‘नाही’ असं आलं, पुढे तेच ‘होय’ झालं. १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आले आणि अमरसिंह तिरुविडैमरुदूरला पेन्शनवर राहिले. पोथी हक्कापुरती उघडली की ती वकिलासारखी बोलते. आमच्या घरातलं रामायणही तसंच बोलू लागलं होतं.

या घराण्याच्या सुरुवातीच्या काळातही भावांचा वाद झालाच होता. १६७७ मध्ये शिवाजी महाराजांनी सावत्र भाऊ व्यंकोजीराजांकडे वडिलांच्या मिळकतीचा वाटा मागितला. भेट झाली, पण व्यंकोजीराजे रात्रीच निघून गेले. पुढे त्यांच्या फौजेने महाराजांच्या सैन्यावर चाल केली आणि हार खाल्ली. महाराजांनी पत्रातून त्यांना दुर्योधनाची आठवण करून दिली. हे शब्द कडकच होते. पण गोष्ट तिथे संपली नाही. व्यंकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई यांनी समेटासाठी प्रयत्न केले. तह झाला आणि महाराजांनी बंगळूरकडचा मुलूख दीपाबाईंना चोळी-बांगडीसाठी दिला. पुढे पराभवाने खचलेले व्यंकोजीराजे उदास होऊन बसल्याचं कळताच महाराजांनीच त्यांना धीर देणारं पत्र लिहिलं. आधी वाटा, मग माया. वाट्याचं न बोलता माया दाखवली असती तर ती टिकली नसती आणि वाटा घेऊन पाठ फिरवली असती तर भाऊ गेला असता.

महाभारताच्या वनपर्वात हेच सांगितलं आहे. वनवासात द्रौपदी युधिष्ठिराला प्रल्हादाने नातू बळीला केलेला उपदेश सांगते. सदा क्षमा करणाऱ्याला घरातलेही जुमानत नाहीत आणि सदा कठोर राहणाऱ्याला सगळेच दुरावतात. ज्याने पूर्वी आपलं भलं केलं आहे त्याची चूक पोटात घालावी, नकळत झालेली चूकही सोडून द्यावी. यावर युधिष्ठिर म्हणतो की, प्रत्येकाने रागाला रागानेच उत्तर दिलं तर बाप मुलाला आणि मुलगा बापाला मारील आणि जगच उरणार नाही. त्या दोघांचा वाद कुणीच पूर्ण जिंकत नाही. मला वाटतं, घर चालवायला दोघांचंही ऐकावं लागतं.

आमच्या घरी दीपाबाईंचं काम आत्याने केलं. ‘‘आधी मोजणी करा, कागद करा, मग बोला,’’ असं तिने दोघांना बजावलं. मोजणी झाली. ओसरी काकांकडे गेली, त्याचे पैसे बाबांना मिळाले. आत्याने कुणालाही माफी मागायला लावली नाही. आजीच्या श्राद्धाला तिने दोघांना बोलावलं आणि पानं शेजारी-शेजारी मांडली. पहिल्या वर्षी दोघे मुकाट्याने जेवले. दुसऱ्या वर्षी काकांनी बाबांच्या पानात वडा वाढला. घराचा विषय आजही कुणी काढत नाही, पण काकांच्या झाडाच्या शेवग्याच्या शेंगा दरवर्षी बाबांकडे येतात.

क्षमा म्हणजे हिशेब पुसून टाकणं नव्हे. हिशेब पुरा करून दार उघडं ठेवणं, एवढंच आपल्या हाती असतं. म्हणून रामायण-महाभारत वाचताना भावाची, जावेची, नणंदेची जागा शोधत बसू नये. आपण त्यात कुठे आहोत, ते आधी पाहावं. भरत व्हायला कुणाची परवानगी लागत नाही.