पेसमेकरनंतरची नाडी

पेसमेकर हृदयाच्या ठोक्यांना खालची मर्यादा घालून देतो, वरची नाही. प्रौढांमध्ये ही मर्यादा बहुधा मिनिटाला ६० अशी लावतात. एका ठोक्यानंतर सेकंदभरात हृदयाचा स्वतःचा ठोका पडला नाही, तर यंत्र सूक्ष्म विद्युत स्पंद देऊन तो पाडते. पडला, तर गप्प बसते. त्यामुळे विश्रांतीत ७२ किंवा ८५ आकडा दिसणे हे बिघाडाचे लक्षण नव्हे. एट्रियल फिब्रिलेशनमधील जलद, अनियमित ठोक्यांनाही साधा पेसमेकर आवर घालत नाही. त्यासाठीच्या गोळ्या चालूच राहतात. काही यंत्रांत झोपेच्या वेळेसाठी ५० सारखी वेगळी मर्यादा असते. आपली मर्यादा किती, हे रुग्णालयातून निघण्यापूर्वी विचारून घ्यावे, कारण घरी दिसणारा कोणताही आकडा तिच्याशीच ताडून पाहायचा असतो.

नाडी मोजताना पाच मिनिटे शांत बसावे, अंगठ्याच्या मुळाखाली मनगटावर दुसऱ्या हाताची तीन बोटे ठेवावीत आणि पूर्ण मिनिटभर ठोके मोजावेत. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची घाई अनियमित नाडीत फसवते.

प्रस्तुत लेखकाला सायनस नोड मंदावल्यामुळे दोन तारांचा पेसमेकर बसवण्यात आला. मर्यादा ६० ची. टाके निघाल्यानंतर काही आठवड्यांनी बोटावरच्या ऑक्सिमीटरने ४२ आकडा दाखवला, आणि घरात धावपळ उडाली. घेरी नव्हती, धापही नव्हती. तपासणीत बॅटरी, तारा, सारे ठीक निघाले. इसीजीत मात्र अधूनमधून खालच्या कप्प्यातून उगवणारे जादा ठोके दिसले. असा ठोका वेळेआधी पडतो, तेव्हा कप्पा पुरता भरलेला नसतो. रक्त थोडेच बाहेर पडते आणि त्याची लाट बोटापर्यंत पोचत नाही. पेसमेकर विद्युत ठोके मोजतो, ऑक्सिमीटर आणि मनगटी घड्याळाचा हिरवा दिवा रक्ताची लाट मोजतात. दोन्ही आपापल्या जागी खरे, पण आकडे वेगळे. हे समजावून सांगायला तंत्रज्ञाला दोन मिनिटे लागली. घरी पाठवतानाच सांगितले असते तर बरे झाले असते.

ज्यांचे हृदय श्रमाबरोबर वेग वाढवू शकत नाही, त्यांच्या यंत्रात हालचाल ओळखणारा संवेदक चालू करतात. तो छातीची हालचाल पाहतो, श्रम नव्हे. म्हणून सपाट रस्त्यावर झपाझप चालताना वेग लगेच वाढतो. जागेवरच्या व्यायामाच्या सायकलवर घाम निघाला तरी तितका वाढत नाही. उलट खड्ड्यांच्या रस्त्यावर रिक्षात नुसते बसूनही ठोके वाढू शकतात. लेखकाला हा अनुभव आला, तेव्हा आधी रस्त्याचा आणि मग संवेदकाचा संशय घेण्यात आला. जिना चढताना दम लागत असेल, तर संवेदकाची तीव्रता बाहेरूनच बदलता येते.

रोज नाडी मोजण्याचा सल्ला जुन्या यंत्रांच्या काळापासून चालत आला आहे. पहिला पेसमेकर १९५८ मध्ये स्टॉकहोममध्ये शरीरात बसवला गेला. त्यानंतरची सुरुवातीची यंत्रे ठरलेल्या वेगानेच चालत. बॅटरी उतरू लागली की तो वेग घटे, आणि नाडी हीच बॅटरीची खूण ठरे. आजची यंत्रे ठोक्यांची नोंद स्वतःच ठेवतात. तपासणीत छातीवर चकती ठेवून, किंवा बिनतारी जोडणीने, मागील काही महिन्यांत किती ठोके हृदयाचे आणि किती यंत्राचे, हे वाचता येते. शिवाय बॅटरी संपत आल्याचे बरेच आधी कळते. तेव्हा तब्येत ठीक असताना दिवसातून दहादा मनगट चाचपण्यात काळजीखेरीज फारसे हाती लागत नाही.

मनगटी घड्याळ वापरायला हरकत नाही; मात्र फोन आणि त्यातले चुंबक पेसमेकरपासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवावे, म्हणजे छातीच्या खिशात नको.

मर्यादेपेक्षा कमी नाडी पुन्हापुन्हा मिळाली, तर इसीजी काढून खात्री करावी. सोबत घेरी, शुद्ध हरपणे, छातीत दुखणे किंवा नवी धाप असेल, तर आकड्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. न थांबणारी उचकी किंवा जखमेजवळची सूज, लाली आणि ताप यांसाठीही डॉक्टरांना लगेच कळवावे: पहिल्यात तार सरकल्याची, दुसऱ्यात जंतुसंसर्गाची शक्यता असते.