पपई देऊ नये

जहाजावर चाकरी करणाऱ्या माणसाने बंदरे पुष्कळ पाहिलेली असतात, पण देश मात्र क्वचितच पाहिलेला असतो. किनाऱ्यावर दोन तास उतरावे, घरी फोन करावा, भावंडांसाठी एखादी वस्तू घ्यावी आणि भोंगा होण्यापूर्वी परतावे, हा आमचा नित्याचा क्रम. म्हणून कोलंबिया देशातील कार्ताहेना बंदरात आमचा करार संपला, तेव्हा घरचे विमान गाठण्यापूर्वी आठ दिवस पाठीवर पिशव्या टाकून त्या देशाची राजधानी बोगोटा पाहून यावी, असे आम्ही चौघा मित्रांनी ठरविले. जहाजावर आम्हांला आमच्या गावांच्याच नावांनी हाक मारीत: बेळगावकर, सावंतवाडीकर, म्हापशेकर आणि चौथा मी, खानापूरकर.

बसचा प्रवास एक अख्खा दिवस व एक रात्र चालला. संध्याकाळी घामाने भिजलेले आम्ही पहाटे कुडकुडत जागे झालो, कारण बोगोटा समुद्रसपाटीपासून सुमारे २६०० मीटर उंचीवर आहे. आपले कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर. त्याच्यावरही आणखी हजार मीटर चढून जावे आणि तेथे ८० लाखांच्या आसपास वस्तीचे नगर पसरलेले दिसावे, अशी कल्पना वाचकांनी करावी! वर्षानुवर्षे समुद्रावर राहिलेल्या आम्हां गड्यांना साधा जिना चढताना धाप लागू लागली. सावंतवाडीकर तर पिशवीवर बसकण मारून म्हणाला, "अरे, येथे हवासुद्धा मोजूनमापून देतात की काय?"

ला कान्देलारिया या जुन्या भागात एका वृद्ध बाईंच्या घरी आम्ही खोली घेतली. अरुंद चढाच्या गल्ल्या, कौलारू छपरे, रंगीत भिंती, लाकडी सज्जे. म्हापशेकराला पणजीच्या फोंताइन्यासची आठवण झाली. आजीबाई आम्हांला 'सुमेर्से' म्हणत. त्याचा मूळ अर्थ 'आपली कृपा', म्हणजे आपल्याकडचे 'आपण'. आमच्यासारख्या खलाश्यांना इतक्या आदराने पूर्वी कोणी संबोधले नव्हते. पहिल्याच सकाळी त्यांनी गरम चॉकलेटचे पेले पुढे ठेवले आणि त्यांत चीजचे तुकडे टाकून दाखविले. आम्ही एकमेकांकडे पाहिले. पण त्या थंडीत वितळलेले ते चीज चमच्याने काढून खाताना सर्वांच्या शंका मिटल्या.

बाहेर निघताना आजीबाईंनी बोट वर करून बजावले, "पपई देऊ नका हं!" सावंतवाडीकर जहाजावरील सोबत्यांकडून स्पॅनिश शिकलेला, त्याने अर्थ विचारून घेतला. ही तेथील म्हणच आहे. आपल्या निष्काळजीपणाने चोराला वा ठकाला आयती संधी देणे, म्हणजे 'पपई देणे'. फळाचे नाव आपल्याच पपईसारखे ऐकून आम्ही खूप हसलो. ते हसणे मला पुढे महाग पडावयाचे होते.

पुढचे दोन दिवस आम्ही मन भरून हिंडलो. या नगरात वाट चुकणे कठीण. पूर्वेला डोंगराची भिंत सदैव उभी असते आणि रस्त्यांना नावांऐवजी बहुधा आकडे असतात. १५३८ साली स्पॅनिश सरदार हिमेनेस दे केसादा याने हे नगर वसविले. पण त्यापूर्वी या पठारावर मुइस्का लोक नांदत होते. १९३९ साली स्थापन झालेल्या सुवर्णसंग्रहालयात त्यांच्या हातची कलाकुसर पाहिली. १९६९ मध्ये एका गुहेत सापडलेला इवलासा सोन्याचा तराफा तेथे आहे. त्यावर मुइस्कांचा नायक आपल्या माणसांसह उभा आहे. ओंजळीत मावेल एवढी ती वस्तू. पण सोन्याच्या लोभाने या खंडावर काय संकटे कोसळली, ते आठवून आम्ही चौघेही गप्प झालो.

पालोकेमाओ बाजारात मात्र आमची जीभ सुटली. मिरची, बटाटा, पपई, पेरू, सीताफळ ही सारी अमेरिका खंडाची लेकरे. पोर्तुगीज गलबतांतून ती आपल्याकडे आली आणि आपल्या परसात अशी रुजली की, ती परकी आहेत हे आपण विसरलो. तेथे बटाट्यांचेच इतके प्रकार रचलेले होते की, बेळगावकर शेतकऱ्याचा मुलगा म्हणून एकेक हातात घेऊन निरखू लागला. आहियाको नावाच्या कोंबडीच्या दाट रश्श्यात तीन जातींचे बटाटे घालतात; त्यांतील पिवळा विरघळून रस्सा दाट करतो. पेरूच्या गराची घट्ट वडी पानात गुंडाळून विकतात. ती तोंडात टाकताच म्हापशेकराचे डोळे पाणावले. "ही तर आमच्या नाताळातली पेराद!" एवढेच तो म्हणाला.

शनिवारी दुपारी ती गोष्ट घडली. चौकात कबुतरांचे थवे उतरत होते. बेळगावकराने आपली लहान पिशवी माझ्या हाती दिली आणि "सांभाळ रे, आलोच," म्हणून तो पेरूच्या वड्या आणण्यास गेला. त्या पिशवीत घराचे छप्पर नव्याने शाकारण्यासाठी बाजूला काढलेले ४०० डॉलर होते, हे मला ठाऊक होते. छायाचित्र घेण्याच्या नादात मी ती बाकावर ठेवली आणि पाठ फिरविली. पुन्हा पाहतो तो बाक रिकामा!

मित्र धावत आले. त्या क्षणी माझ्या तोंडून सत्य निघाले नाही. "एकाने हिसडा मारून हातातून ओढून नेली," असे मी म्हणालो. पोलिसांकडेही तेच सांगितले. चोर कसा दिसत होता, असे विचारल्यावर मी एक चेहरा कल्पनेने रचून सांगितला: तरुण, सडपातळ, निळा सदरा. इतक्यात शिपायाने समोरून जाणाऱ्या एका पोराला थांबविले. निळा सदरा, हातात चण्यामण्याची टोपली, आणि डोळ्यांत भीती. "हा का?" मी घाईघाईने "नव्हे, नव्हे" म्हणालो, त्याला सोडून दिले. पण माझ्या एका खोट्या शब्दाने त्या निरपराध मुलावर काय ओढवले असते, या विचाराने मला रात्रभर झोप आली नाही. बेळगावकर मात्र माझेच सांत्वन करीत होता. "तुला इजा झाली नाही, हेच पुष्कळ," असे म्हणून त्याने आपली घोंगडी माझ्या अंगावर घातली. त्या घोंगडीचे ओझे मला सहन होईना.

रविवारी पहाटे आम्ही मोन्सेरातेच्या डोंगराकडे निघालो. १९७४ पासून बोगोटात अशी रीत आहे की, रविवारी व सणासुदीच्या दिवशी सकाळी ७ ते दुपारी २ पर्यंत शेकडो नव्हे, तर शंभराहून अधिक किलोमीटरचे रस्ते मोटारींना बंद ठेवून सायकलवाल्यांना व पादचाऱ्यांना मोकळे करतात. आजोबा, नातवंडे, कुत्री, सारा गाव रस्त्यावर लोटलेला! त्या आनंदातून मी एकटाच मान खाली घालून चाललो होतो.

मोन्सेरातेचे शिखर ३१५२ मीटर उंच. वर जाण्यास १९२९ पासून रुळांवरची गाडी आणि १९५५ पासून हवेतला पाळणा आहे. परंतु यात्रेकरू दीड हजारांहून अधिक पायऱ्या पायीच चढतात. काही जण गुडघ्यांवर चढताना आम्ही पाहिले. शिखरावरील देवळात १७व्या शतकात पेद्रो दे लुगो आल्बारासिन यांनी घडविलेली, भूमीवर कोसळलेल्या ख्रिस्ताची मूर्ती आहे. तिच्या दर्शनासाठी ही सारी वाटचाल.

अर्ध्या वाटेवर दम खाण्यास बसलो असता मी बेळगावकराला सारे खरे सांगितले. तो काहीच बोलला नाही. उठला आणि पुढे चालू लागला. त्या उंचीवर श्वास अगोदरच अपुरा. तो मला आता मुळीच पुरेना. शंभरएक पायऱ्यांवर तो माझी वाट पाहत थांबलेला दिसला. मी जवळ जाताच त्याने खिशातून पानात गुंडाळलेली पेरूची वडी काढून अर्धी माझ्या हातावर ठेवली.

"पैसे गेले ते तू पुढच्या करारातून फेडशील," तो म्हणाला, "पण आज खाली उतरल्यावर पोलिसांना खरे सांगून ये. तो निळ्या सदऱ्याचा चेहरा त्यांच्या वहीत राहता कामा नये."

मूर्तीपुढे आम्ही चौघे बराच वेळ उभे राहिलो. खाली अफाट नगर पसरले होते आणि ढगांच्या सावल्या त्यावरून सरकत होत्या.

संध्याकाळी सावंतवाडीकराला दुभाषा म्हणून घेऊन मी गेलो. अधिकाऱ्याने ऐकून घेतले, आधीच्या मजकुरावर रेघ मारली, माझ्याकडे पाहिले आणि हसून एकच शब्द उच्चारला: "पपई!" घरी आजीबाईंनीही तेच म्हटले, पण रात्री जेवताना माझ्या ताटलीत आहियाकोचा एक डाव अधिक वाढला.

पिशवी मिळाली नाही. पुढील करारातून मी ४०० डॉलर फेडले आणि पावसाळ्यापूर्वी बेळगावकराच्या घरावर नवी कौले चढली. त्यांतील शेवटची ओळ आम्ही दोघांनी मिळून लावली. त्याच्या आईने विचारले, "एवढ्या लांब जाऊन तुम्ही काय पाहिलेत रे?" तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "पुष्कळ पाहिले, आई. तिथे पपईसुद्धा होते." त्या माउलीला यातले काहीच ठाऊक नव्हते. तिने परसातली एक पिकलेली पपई कापून आम्हां दोघांपुढे ठेवली.