परतीची नळी

निवृत्त शिक्षकानें आपला वेळ कसा घालवावा, याविषयीं माझ्या स्नेह्यांचीं मतें फार निश्चित आहेत. एक म्हणतो, ज्ञानेश्वरीचें पारायण करावें. दुसरा म्हणतो, रोज पहांटे अजिंक्यतारा चढावा. मीं मात्र वडिलांची अँबॅसिडर गाडी पुन्हां रस्त्यावर आणण्याचें मनांत घेतलें, आणि त्या भरांत अशी एक चूक केली कीं तिची आठवण झाली म्हणजे अजून अंगावर कांटा येतो.

ही गाडी आमच्या साताऱ्याच्या घरीं आली तेव्हां मी शाळकरी होतों. उन्हाळ्याच्या सुटींत पुण्याहून परत येतांना खंबाटकीचा घाट लागला, कीं अर्ध्या चढावर ती हमखास दम टाकी. वडील खालीं उतरत, बॉनेट उघडीत, डिकींतल्या कळशींतलें पाणी एका फडक्यावर ओतीत आणि तें फडकें पेट्रोलच्या पंपावर गुंडाळीत. पंधरा-वीस मिनिटांनीं गाडी चालूं लागे. आईच्या मतें हा गाडीला आलेल्या तापावरचा उतारा होता, आणि तिचें मत फारसें चुकीचें नव्हतें. इंजिनाच्या उष्णतेनें पंपांतल्या पेट्रोलची वाफ होई, आणि द्रव ओढण्यासाठीं घडविलेल्या पंपाला ती वाफ ओढतां येत नसे.

वडील गेल्यावर गाडी आठ वर्षें पत्र्याच्या शेडमध्यें उभी होती. तिचें मूळचें १४८९ घनसेंटिमीटरचें इंजिन दुरुस्तीपलीकडे गेलें होतें. मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यावरची ही गाडी बंगालमधील उत्तरपाड्याच्या कारखान्यानें २०१४ पर्यंत काढली; १९९२ पासून तिच्यांत इसुझूचें १८१७ घनसेंटिमीटरचें इंजिनही बसूं लागलें, आणि पुढें त्या इंजिनाचा कार्ब्युरेटर जाऊन त्याच्या जागीं इंधनाच्या फवारणीची योजना आली. असें एक फवारणीचें इंजिन मला चांगल्या स्थितींत मिळालें. गाडींत नोंदणीशीं विसंगत असा फेरफार करण्यास १८ नव्हे, पुरे १९८८ सालच्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम आडवें येतें. म्हणून परिवहन कार्यालयाची परवानगी आधीं काढली. कारखाना तोच, गाडी तीच आणि इंधनही तेंच, म्हणून ती मिळाली.

साताऱ्याच्या गॅरेजांत इंजिन बसवितांना तेथला कारागीर म्हणाला, "सर, टाकीपासूनच्या सगळ्या नळ्या बदलूं या." इंजिनावर एवढा खर्च झाल्यावर नळ्यांसाठीं पैसे मोजणें माझ्या जिवावर आलें. "पंप नवा घाला, नळ्या चांगल्या दिसताहेत, त्या राहूं द्या," असें मीं त्याला बजावलें. पैसे माझे, गाडी माझी. तो बिचारा गप्प बसला.

मीं काय केलें होतें, तें एका साध्या तुलनेनें कळेल. मोटारीच्या चाकांत आपण हवा भरतों, ती दर चौरस इंचास सुमारें ३० पौंड दाबानें. कार्ब्युरेटरला पेट्रोल पोचविणाऱ्या जुन्या पंपाचा दाब तीन-चार पौंडांचा असतो. फवारणीच्या इंजिनाला चाळिसांहून अधिक लागतो. ज्या रबरी नळीनें जन्मभर तीन-चार पौंड सोसले, तिच्यावर मीं एका दिवसांत दहापट ओझें टाकलें होतें.

पहिली चांचणी यवतेश्वराच्या घाटांत झाली. टाकींत पेट्रोल थोडें होतें. सरळ चढावर गाडी सुरेख चाले. पण एखादें मोठें वळण आलें कीं इंजिन क्षणभर खोके. टाकी भरून घेतल्यावर खोकला थांबला, तेव्हां औषध सांपडलें अशी मीं स्वतःची समजूत करून घेतली.

आईचें माहेर सांगलीचें. वय शहाऐंशी. "त्यांच्या गाडींतून एकदां माहेरीं जाऊन येतें," असें ती पुष्कळ दिवस म्हणत होती. एका सकाळीं आम्ही दोघें निघालों. नागठाणें मागें पडलें आणि ती म्हणाली, "अरे, पेट्रोलचा वास येतोय." मी म्हणालों, "जुनी गाडी आहे, आई. वास यायचाच." ती गप्प राहिली. थोड्या वेळानें तिनें पदर नाकाला लावलेला मला आरशांत दिसला. उंब्रजजवळ गाडी थांबवून मीं बॉनेट उघडलें. रबराची नळी फुगून मऊ झाली होती. तिच्या अंगावर पेट्रोलचा घाम होता, आणि त्याचा एक एक थेंब तापलेल्या सायलेन्सरच्या नळापासून चार बोटांवर पडत होता. मीं किल्ली काढली, आईला हाताला धरून रस्त्याच्या कडेला झाडाखालीं नेलें, आणि मग माझे पाय कांपूं लागले. ती मला एक शब्दही बोलली नाहीं. बोलली असती तर बरें झालें असतें.

गाडी टेंपोवर चढवून सांगलीला नेली. माझ्या मामेभावाच्या ओळखीचे एक वृद्ध मिस्त्री तेथें होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं ज्या माळावर कारखाना उभारला, त्या किर्लोस्करवाडींत त्यांच्या वडिलांचा जन्म गेला होता. मिस्त्रींनीं नळी दोन बोटांत दाबून पाहिली आणि ते म्हणाले, "मास्तर, इंजान काय, कुनीबी बसवंल. पर त्येला पाजायचं कसं, ह्येचा इचार कुनी करायचा?"

मग त्यांनीं आणखी एक गोष्ट सांगितली. जुनेंच इंजिन ठेवलें असतें, तरी ही नळी फार दिवस टिकली नसती. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल विकावयास आलें, आणि दोन वर्षांत तें बहुतेक सर्वत्र झालें. इथेनॉल जुन्या जातीचें रबर मऊ करतें, पाणी शोषून घेतें आणि टाकीच्या तळाचा वर्षानुवर्षांचा गाळ सोडवितें. हें ऐकतांना मला गंमत वाटली. कृष्णाकांठच्या ज्या उसाच्या ट्रॉल्यांमागें आम्ही लहानपणीं हॉर्न वाजवीत खोळंबत असूं, त्याच उसाची मळी कारखान्यांतून फिरून आतां आमच्या टाकींत आली होती. वडील सांगत, दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोल दुर्मिळ झालें तेव्हां मोटारींच्या पाठीशीं कोळशाची भट्टी लावून तिच्या वायूवर त्या चालवीत. इंजिन तेंच राही. पुरवठा मात्र मुळापासून नवा करावा लागे.

मिस्त्रींनीं आमचा पुरवठा मुळापासून नवा केला. टाकी उतरवून धुतली. टाकींतलें पेट्रोल आधीं एका कमी दाबाच्या पंपानें लिटरभराच्या उभ्या डब्यांत यावें, आणि डब्याच्या तळांतून मोठ्या दाबाच्या पंपानें तें बारीक गाळणींतून इंजिनाकडे पाठवावें, अशी योजना केली. यवतेश्वराच्या खोकल्याचें कारण आतां मला उमगलें. वळणावर टाकींतलें थोडें पेट्रोल एका बाजूस धांवे आणि पंपाच्या तोंडीं हवा येई. कार्ब्युरेटरच्या वाटींत घटकाभराची शिल्लक असते, म्हणून जुन्या इंजिनाला हें कधीं जाणवलें नव्हतें; नव्या इंजिनाची तशी शिल्लक म्हणजे हा डबा. नळ्या मोठा दाब आणि इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या, आणि त्या सायलेन्सरपासून दूर फिरविल्या. इंजिन बंद पडलें कीं पंपाची वीज आपोआप तुटेल अशी व्यवस्था केली. शेवटीं, इंजिन चालू न करतां नुसता पंप चालवून, दाबाच्या घड्याळाकडे बघत त्यांनीं प्रत्येक सांध्यावर कोरडा कागद फिरविला. कागद कोरडाच राहिला.

एका नळीचा उपयोग मात्र मला कळेना. ती इंजिनाकडून मागें डब्याकडे येत होती. मिस्त्री म्हणाले, "ही परतीची." जुनें इंजिन लागेल तेवढेंच पेट्रोल घेई. नव्याला नेहमीं गरजेहून अधिक पाठवावें लागतें, तेव्हांच दाब स्थिर राहतो. जें उरतें तें या नळीनें परत येतें. सतत वाहत असल्यामुळें पेट्रोल इंजिनापाशीं तापत पडत नाहीं, आणि कुकरमधलें पाणी जसें शंभर अंशांवरही उकळत नाहीं, तसें दाबाखालचें पेट्रोल सहज वाफ होत नाहीं.

मला त्या नळीकडे पाहून वडिलांची आठवण झाली. घाटांत गाडी बंद पडली कीं ते कधीं गाडीवर चिडत नसत. पुढचें सोडून तिला कोठें अडतें आहे तें शोधीत. मीं गाडीची शक्ति वाढविली आणि तिच्या पोटापाण्याची वाट तशीच ठेवली. घरांत, शाळेंत, गांवांतही आपण हेंच करतों काय, असें मनांत आलें. पण त्याचा विस्तार करणें नको. माझ्यापुरता धडा मोठा होता. आई सांगत होती, आणि मीं ऐकलें नव्हतें.

चार दिवसांनीं आम्ही आष्ट्यावरून परत निघालों. पेठनाका आला, कराड गेलें. उंब्रजच्या त्या झाडापाशीं मीं न सांगतां गाडी थांबविली, बॉनेट उघडून सर्व सांधे हातानें चांचपून पाहिले आणि आईला विचारलें, "वास येतोय का?"

"नाहीं," ती म्हणाली. मग जरा थांबून तिनें विचारलें, "आतां तें ओलें फडकें लागणार नाहीं ना?"

"नाहीं लागणार."

"तरी असूं दे डिकींत," ती म्हणाली.

तें अजून आहे.